बारा ग्रॅमची तूट

४ फेब्रुवारी

वही आजपासून. ही होती तोवर माझी कटकट ऐकायला घरात माणूस होतं. ती जाऊन तीन वर्षं झाली. चिरंजीव जहाजावर, वर्षातून दोनदा तोंड दाखवतात. सूनबाई सकाळी आठला बँकेत जाते ती संध्याकाळी सातला उगवते, आणि तिच्यापुढे कटकट करायची माझी छाती नाही. उरली नात, ठमी, वय वर्षं चार. ती ऐकते, पण मध्येच उठून जाते. म्हणून वही.

आज घराखालच्या गॅरेजमध्ये माझं संकलन केंद्र सुरू झालं. जुने मोबाईल, चार्जर, रिमोट, घड्याळातले सेल, गाडीच्या नि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, सगळं घेतो. दोन दिवसांचं सरकारी प्रशिक्षण घेतलंय, प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय. सेलच्या टोकांना चिकटपट्टी. फुगलेल्या बॅटऱ्या वाळूच्या बादलीत. गाडीच्या बॅटऱ्या ट्रेमध्ये उभ्या, आणि फोडायच्या तर मुळीच नाहीत. दर गुरुवारी धातू वितळवून काढणाऱ्या अधिकृत भट्टीचा ट्रक येऊन माल तोलून नेणार. शेजारीपाजारी हसतात, वजनमापे खात्यातला साहेब रिटायर होऊन भंगारवाला झाला म्हणतात. हसू देत. एकतीस वर्षं दुकानदारांची वजनं तपासली, आता त्यांचा कचरा तपासतो.

जमिनीवर पिवळी रेषा आखलीय. ठमीनं रेषेच्या आत पाऊल टाकायचं नाही. "का?" म्हणाली. म्हटलं, "आत विष आहे." "मग तू कशाला जातोस?" म्हटलं, "मी मोठा आहे." हे तिला अजिबात पटलं नाही.

९ फेब्रुवारी

सूनबाईनं अट घातली. चहाचा कप ठेवत म्हणाली, "बाबा, राग मानू नका. पण ठमीला ताप आला, पडली, काहीही झालं, तर मी पाळणाघरात नाव घालणार. मला बँकेत बसून जीव टांगणीला लावायचा नाहीये."

मी ताठ मानेनं म्हणालो, "घाल की. पण तशी वेळ येणार नाही."

इथे खरं लिहायला हरकत नाही. शाळा सुटली की साडेबारापासून सातपर्यंत ती पोरगी माझी असते. ती पाळणाघरात गेली तर मी भिंतीकडे बघत बसेन आणि सहा महिन्यांत आटपेन. मला भीती वाटते. मरणाची नाही, त्या सहा महिन्यांची.

१९ फेब्रुवारी

गुरुवार. ट्रकवाला आला. जाडजूड माणूस, बोलायला गोड. माझी मालाची नोंदवही बघून म्हणाला, "साहेब, एवढी नीट नोंद आमच्या मालकाकडेही नाही." मला बरं वाटलं, चहा पाजला. पिण्याआधी त्यानं तीनदा हात धुतले. म्हणाला, "सवय हो. आमच्या भट्टीत कामाचे कपडे तिथेच काढायचे, आंघोळ करून घरी जायचं. तोंडात गोडसर चव यायला लागली की मुकादम लगेच रक्त तपासायला धाडतो."

मी म्हटलं, तुमच्याकडे धूर असतो बाबा. इथे कुठला आलाय धूर.

२ मार्च

आज एक गंमत केली.

लोक गाडीची बॅटरी आणून देतात तेव्हा तिच्या टोकांना वायर धरणारे जुने पकडचिमटे तसेच असतात. ते काढून टोकांना पट्टी लावावी लागते. हे चिमटे शिशाचे. बॅटरी नव्हे, मोबाईल नव्हे, माझ्या नोंदवहीत त्यांना रकानाच नाही. डबाभर साठले होते.

शिसं ही माझ्या हातातली वस्तू. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं ओतून वजन नेमकं करायचं आणि त्यावर सरकारी शिक्का ठोकायचा, हेच जन्मभर केलं. बदमाश दुकानदार तेच शिसं टोकरून काढतात आणि गिऱ्हाइकाला कमी तोलतात. असे कितीतरी पकडले. शिसं जागेवर असेल तर माणूस प्रामाणिक, असा माझा साधा हिशोब.

तर ठमीच्या प्लॅस्टिकच्या बदकावरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा केला, गॅरेजचं दार सताड उघडून, तोंडाला मास्क लावून चिमटे वितळवले, ओतले. रेषेच्या आत, नियमानं. चोच अशी उठून आली की मीच बघत राहिलो. पोटावर माझा जुना शिक्का मारला. पितळी वजनांच्या तराजूत बदक भरलं बरोबर बासष्ट ग्रॅम. नोंदवहीत नवीन रकाना आखून नोंद केली.

ठमीनं दोन्ही हातांत घेतलं आणि म्हणाली, "आजोबा, हे खरं आहे." प्लॅस्टिकचं खोटं, हे खरं. वजन कळलं तिला! कोणाची नात आहे.

१५ मार्च

प्राणी आता पाच. बदक ६२, हत्ती ११८, ससा ५४, मासा ४८, घोडा ९७. एकूण ३७९ ग्रॅम. प्लॅस्टिकची खेळणी दोन दिवसांत मोडतात आणि पुन्हा कचराच. ही माझ्या माघारीही राहतील.

२६ मार्च

घर दुपारी फार शांत झालंय. आधी ठमी जेवली की माझ्या पोटावर बसून छळायची. आता तिच्या खोलीत प्राण्यांशी खेळत असते. मी खुर्चीत पेंगतो. पेंगताना एक आवाज ऐकू येतो. टक. मग बराच वेळ काही नाही. मग परत, टक. बारीक, ओलसर आवाज. उठून गेलो की बंद. ठमी पलंगावर पडलेली, डोळे उघडे, प्राणी उशीजवळ ओळीनं. सगळ्यांची तोंडं दाराकडे.

"काय वाजलं गं?"

"काही नाही."

घड्याळ असेल.

३ एप्रिल

ठमीचं पोट दुखतंय. चार दिवस परसाकडे नीट झालेली नाही. ओवा दिला, पोट शेकलं. सूनबाईला सांगितलं नाही. एवढ्या तेवढ्यासाठी पाळणाघराचा विषय कशाला काढायचा.

बरं वाटावं म्हणून बदक तिच्या हातात दिलं. लगेच शांत झाली.

७ एप्रिल

आज मी चक्रावलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

बदक हातात घेतलं आणि हाताला काहीतरी खटकलं. एकतीस वर्षांचा हात आहे, त्याला कळतं. खाली गॅरेजमध्ये जाऊन तोललं. एकोणसाठ ग्रॅम. तराजू पुसला, वजनं पुसली, पुन्हा तोललं. एकोणसाठ. चोचीच्या जागी गुळगुळीत थोटूक. डोळे गेलेत.

शिसं उडून जात नाही. उन्हात वाळत नाही. तीन ग्रॅम गेले कुठे?

८ एप्रिल

बाकीचेही तोलले. हत्ती ११७. ससा ५३. मासा आणि घोडा ठीक. हत्तीच्या सोंडेला बारीक खाचा आहेत, ओळीनं, जोडीजोडीनं.

घरात कोणीतरी शिसं टोकरतंय.

११ एप्रिल

उंदीर असेल म्हणून पिंजरा लावला. तीन दिवस रिकामा. आत लावलेला बिस्किटाचा तुकडा तसाच. उंदीर बिस्कीट सोडून शिसं कशाला खाईल म्हणा.

सूनबाईला आडून विचारलं, "ठमीची खेळणी घासतेस का गं कशानं?" तिनं असं बघितलं की जणू माझाच एक स्क्रू ढिला झालाय. म्हणाली, "बाबा, मला स्वतःचे केस विंचरायला वेळ नाही." मग जरा थांबून म्हणाली, "ठमी फिकी दिसते ना हल्ली?" मी म्हटलं, ऊन वाढलंय.

१४ एप्रिल

आज चोर पकडायचाच म्हणून दुपारी ठमीच्या पलंगाभोवती जमिनीवर पीठ भुरभुरवलं, दार ओढून घेतलं आणि बाहेर खुर्ची टाकून बसलो. अर्ध्या तासानं सुरू झालं. टक. टक. माझ्या मानेवर काटा आला, लपवत नाही. दार ढकललं. पिठात फक्त ठमीची पावलं, पलंगापासून खेळण्यांच्या फळीपर्यंत आणि परत. दुसरं एकही चिन्ह नाही. म्हणजे बाहेरून कोणी आलेलं नाही.

पीठ झाडताना ठमीनं विचारलं, "आजोबा, तू हत्तीला शोधतोस?"

"हत्ती तर हा काय."

"तो हळूहळू चाललाय."

"कुठे चाललाय?"

"माझ्याकडे," म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.

मी खुळ्यासारखा पिठाची सुपली घेऊन उभा.

२० एप्रिल

मला ही गेल्यावर देव-भुतं काही दिसली नाहीत, मी तसा माणूस नाही. पण या घरात काहीतरी आहे. ज्याला तोंड असतं त्याचं आधी तोंड जातं. सशाचे कान गेले. माशाचा ओठ गेला. ओळीनं मांडलेले हे बिनचेहऱ्याचे प्राणी दुपारी दाराकडे बघत असतात आणि मला त्यांच्याकडे पाठ करून बसवत नाही. माझ्या हातानं केलेली वस्तू, तिला मी घाबरतो. कोणाला सांगायची सोय नाही.

२२ एप्रिल

ठमीनं चित्र काढलं. पाच गोळे. म्हटलं, "हे कोण?" तिनं बदकाच्या गोळ्यावर बोट ठेवलं आणि गप्प राहिली. "सांग ना, ब..." ती माझ्याकडे बघत राहिली. "ते," म्हणाली. "ते, आजोबा. ते गोड."

लाडक्या खेळण्याला गोड म्हणणारच पोर. पण नाव का आठवलं नाही? महिन्यापूर्वी हीच पोरगी मला शेजारणीच्या मांजराच्या सगळ्या पिल्लांची नावं म्हणून दाखवायची.

२७ एप्रिल

शाळेतल्या बाई म्हणाल्या, ठमी पाय ओढत चालते, लक्ष नसतं, चिडते. बूट लहान झाले असतील, असं त्यांना सांगून टाकलं. दुपारी दोनदा उलटी झाली. चादर धुऊन, वाळवून, इस्त्री करून सूनबाई यायच्या आत परत घातली. इस्त्री करताना मला माझीच लाज वाटली. पण अट आठवत होती. उद्या बरी होईल.

घोडा तेवढा शाबूत आहे, ९७. तो तिच्या उशाशी ठेवला, सोबतीला.

५ मे

लिहिता येत नाहीये पण लिहितो.

काल दुपारी तीन वाजता ठमी पोट धरून ओरडली आणि मग ओरडायचीच थांबली. डोळे उघडे होते. ती माझ्याकडे बघत होती आणि तिला मी दिसत नव्हतो. मी हाका मारत होतो, ठमे, ए ठमाबाई, अगं आजोबा, आणि तिचा हात आपोआप हलत होता. उचलून रस्त्यावर धावलो. पायात चपला नव्हत्या हे दवाखान्यात कळलं. बदक तिच्या मुठीत होतं, नर्सनं सोडवून माझ्या खिशात घातलं.

सूनबाई बँकेतून तशीच आली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे कधीपासून?" सूनबाई म्हणाली, "आजच." मग ती माझ्याकडे वळली. मी सांगितलं. महिनाभराचं सगळं, ओवा, उलट्या, चादर. सूनबाईनं माझ्याकडे पाठ केली आणि ठमीचा हात धरला. त्यापेक्षा कानाखाली मारली असती तर परवडलं असतं.

पोटाचा एक्स-रे काढला. डॉक्टरीणबाईंनी काचेवर फिल्म लावली. ठमीच्या इवल्या बरगड्या, मणके. आणि खाली पोटात पांढरे ठिपके. कणीसारखे, शुभ्र, हाडांपेक्षाही पांढरे.

"ही काही गिळते का? माती? भिंतीचे पोपडे?"

ठिपक्यांच्या मधोमध एक जरा मोठा होता. तिकोनी, टोकाशी किंचित वाकडा. मी तो ओळखला. मी तो साच्यातून सुईनं उकरून काढला होता.

खिशातून बदक काढलं आणि फिल्मशेजारी धरलं. चोच नसलेलं बदक, आणि फिल्ममध्ये चोच. डॉक्टरीणबाईंनी ते माझ्या हातातून घेतलं, वजन जाणवलं तसा त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "हे कशाचं आहे?"

मी म्हणालो, "शिशाचं. मी केलं."

९ मे

रक्तातलं शिसं डॉक्टरीणबाईंनी आकड्यात सांगितलं. मला आकडे समजतात. हा समजला.

पोट धुऊन काढलं, आता शिसं ओढून काढणारं औषध शिरेतून चालू आहे. मी विचारलं, सगळं निघेल? त्या म्हणाल्या, "पोटातलं निघतं. रक्तातलं बरंचसं निघतं. हाडांत जाऊन बसलेलं वर्षानुवर्षं राहतं. शब्द परत येतील, बहुतेक. किती येतील ते शाळेत गेल्यावर कळेल."

मी म्हटलं, "मी एकतीस वर्षं हाताळलं हो. मला काही झालं नाही."

त्या म्हणाल्या, "तुम्ही चाटत नव्हता. आणि चार वर्षांचे नव्हता."

ट्रकवाल्यानं मला सांगितलं होतं. गोडसर चव. मी स्वतःच्या अक्षरात या वहीत लिहून ठेवलंय, एकोणीस फेब्रुवारी. ठमीनंही सांगितलं होतं, एकदा नाही. पिठात तिचीच पावलं होती. मी चोर शोधत होतो आणि चोराच्या हातात चोरीचा माल मीच देत होतो, रडली की दे, दुखलं की दे.

१७ मे

ठमी घरी आली. सूनबाईनं सगळं घर ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. गॅरेजमध्ये वापरलेले माझे कपडे पिशवीत बांधून ठेवले. बोलली ती एवढंच, "सोमवारपासून पाळणाघर. तुम्ही संध्याकाळी भेटा तिला. आंघोळ करून."

मी हो म्हटलं. मला तिचा राग येत नाही. ज्या दिवशी ती पहिल्यांदा फिकी दिसते म्हणाली, त्या दिवशी मी हो म्हणायला हवं होतं.

२१ मे

गुरुवार. तीन आठवड्यांनी ट्रक आला. ट्रकवाल्याला यातलं काही माहीत नव्हतं, केंद्र का बंद होतं तेही नाही.

माल चढवला, टोकांना पट्ट्या, बॅटऱ्या उभ्या. शेवटी पाच प्राणी झाकणाच्या डब्यात घालून दिले. त्यानं डबा उघडला आणि तो एकदम थांबला. एक उचलला, पोटावरचा शिक्का बघितला, सशाच्या डोक्यावरच्या खाचांवरून अंगठा फिरवला. त्याच्या घरीही पोरं असणार. "साहेब," एवढंच म्हणाला, आणि खिशातून हातमोजे काढून घातले.

पण नियम म्हणजे नियम. वहीतला आकडा आणि काट्यावरचा आकडा जुळल्याशिवाय तो पावती फाडत नाही, ही शिस्त मीच त्याला लावलेली. त्यानं माझा रकाना वाचला, पुन्हा काट्याकडे बघितलं.

"वहीत तीनशे एकोणऐंशी आहे, इथे तीनशे सदुसष्ट भरतंय. बारा ग्रॅम कमी." त्यानं आवाज खाली आणला. "बाकीचं कुठे गेलं, साहेब?"



सूनबाई जिन्याशी ठमीला धरून उभी होती, आज सुट्टी काढली होती तिनं. ठमी पिवळ्या रेषेपर्यंत आली. रेषेला पायाचा अंगठाही लागू दिला नाही, शिकवलं होतं तसं. चालताना अजून डावा पाय जरा मागे राहतो. तिनं ट्रकवाल्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि उत्तर येत असलेल्या मुलीसारखी, स्पष्ट आवाजात म्हणाली,

"माझ्याकडे."

सूनबाईनं तिला मागे ओढून छातीशी धरलं. ट्रकवाल्यानं मान खाली घातली आणि पावती लिहायला घेतली. मी नोंदवहीत त्या ओळीपुढे 'तूट मान्य' लिहिलं आणि खाली सही केली.